वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर आणि त्यांच्या विद्यार्थिनी

आमच्या मंडळ्यांतून वेल्लोरला जाऊन आलेले एकही माणूस नाही, असे सहसा होत नाही. बेळगाव असो, हैदराबाद असो की इंदूर, घरातले दुखणे हटेनासे झाले की कोणीतरी काटपाडी स्टेशनाचे नाव काढते, आणि मग गाडीची चौकशी, बरोबर कोण जाणार, पैशाची सोय कशी, अशी बोलणी सुरू होतात. त्या रुग्णालयाचा पाया घालणाऱ्या डॉ. आयडा स्कडर यांचे नावही आपल्या लोकांस नवे नाही. एका रात्री तीन माणसांनी दार ठोठावल्याची त्यांची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहो. आम्ही स्वतः ती व्यासपीठावरून कितीदा तरी सांगितली आहे, आणि कबूल केले पाहिजे की प्रत्येक वेळी ती अर्ध्यावरच सोडली. तरुण मुलीला पाचारण झाले, तिने होकार दिला, आमेन. पण त्या रात्रीपासून तिच्या हाताखाली शिकलेल्या पहिल्या डॉक्टर मुली बाहेर पडेपर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ गेला. खरी हकिगत त्या वर्षांत आहे, म्हणून या खेपेस ती पुढे नेण्याचा आमचा विचार आहे.

सुरुवात मात्र आजोबांपासून करावी लागते, कारण तिथे आपला मराठी मुलूख येतो. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन स्कडर एका रुग्णाच्या घरी गेले असता तिथे पडलेली एक लहान पुस्तिका त्यांनी सहज उचलून वाचली. ती लिहिली होती गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल यांनी, म्हणजे मुंबईत येऊन अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू करणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी दोघांनी. हे दोघेही पुढे आपल्याच भूमीवर पटकीने मरण पावले, न्यूएल १८२१ साली मुंबईत आणि हॉल १८२६ साली सुवार्ताफेरीवर असताना. ती पुस्तिका वाचून डॉ. जॉन यांनी चांगली चालत असलेली प्रॅक्टिस सोडली आणि १८१९ मध्ये ते सिलोनला निघाले, पुढे मद्रासेस आले. त्यांचे सातही मुलगे हिंदुस्थानात मिशनरी झाले. त्यांतल्याच एकाची, दुसऱ्या डॉ. जॉन स्कडरांची, आयडा ही मुलगी. जन्म ९ डिसेंबर १८७०, गाव रानीपेट. थोरल्या भावांच्या पाठीवरची ती एकुलती एक मुलगी होती.

ती पाच-सहा वर्षांची असताना मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ चा हाच दुष्काळ आपल्या दख्खनच्या जिल्ह्यांतही पडला होता आणि जुन्या घरांतून त्याच्या आठवणी पुढे पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. मिशनच्या आवारात उपाशी मुलांची रांग बसे आणि लहानगी आयडा भाकरीचे तुकडे वाटू लागे. काही मुलांच्या अंगात तुकडा उचलून तोंडात घालण्याचेही त्राण नसे, त्यांना ती भरवी. हे पाहून तिच्या मनात सेवेची आवड उत्पन्न झाली असेल, असे आपल्याला वाटेल. झाले उलटेच. हिंदुस्थान म्हटले की तिला त्या मुलांचे चेहरे आठवत आणि इथून दूर पळावेसे वाटे. पुढे कुटुंब अमेरिकेस गेले. आईबाप पुन्हा कामावर परतले आणि मुलगी नातलगांकडे शिकागोत राहिली. नंतर तिला मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थफील्ड येथे सुवार्तिक मूडी यांनी काढलेल्या मुलींच्या शाळेत घातले. तिथे ती खोडकर म्हणून प्रसिद्ध होती. स्कडर घराण्यातली म्हणजे मिशनरी होणारच, असे कोणी म्हणाले की तिला राग येई. लग्न करावे, अमेरिकेत सुखाने राहावे, एवढाच तिचा बेत होता. यात काही पाप होते असे आम्हाला वाटत नाही.

१८९० साली आई आजारी असल्याचे कळल्यावरून ती तिच्या शुश्रूषेसाठी तिंडिवनमला आली. येताना परतीचा विचार पक्का होता. तिथल्या बंगल्यात ती एका रात्री दिव्याशी बसली असताना एक तरुण ब्राह्मण दारात आला. त्याची कोवळी बायको बाळंतपणात अडली होती आणि सुईणीने हात टेकले होते. आयडा म्हणाली, माझे वडील डॉक्टर आहेत, ते येतील. तो मागे सरला. परपुरुषाने बायकोला पाहणे त्याच्या घरात चालण्यासारखे नव्हते, त्याला ही मुलगीच हवी होती. तो गेल्यावर काही वेळाने एक मुसलमान गृहस्थ आला. त्याचीही तीच विनवणी आणि तेच उत्तर. मग तिसरा, दुसऱ्या एका वरिष्ठ जातीतला हिंदू. सकाळी रस्त्यावरून प्रेतयात्रेचे वाद्य ऐकू आले. नोकराला चौकशीस पाठविले तेव्हा समजले की तिन्ही स्त्रिया रात्रीतून गेल्या.

ही गोष्ट सांगताना आम्ही वक्ते एक भाग हमखास गाळतो. त्या रात्री बंगल्यात शिकलेला, अनुभवी डॉक्टर हजर होता. औषधे होती, जायची तयारी होती, दया तर बापलेकी दोघांच्याही ठायी होती. तरी तिघी मेल्या. मधली अडचण एवढीच की ज्याला विद्या होती त्याला आत प्रवेश नव्हता आणि जिला प्रवेश होता तिला विद्या नव्हती. शिवाय हा दोष एकट्या तिंडिवनमचा नव्हे. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी तान्हे मूल गमावले, तेव्हा आपल्या बायकांना बाईच डॉक्टर पाहिजे हे त्यांच्या मनाने घेतले आणि सातासमुद्रापार जाऊन १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाई स्वतः हजर होत्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या, एकाही रुग्णाला हात लावण्याआधी म्हटले तरी चालेल.

तिंडिवनमची मुलगी अमेरिकेस परतली आणि १८९५ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाली. आनंदीबाई ज्या कॉलेजात शिकल्या तेच हे कॉलेज. तेव्हा मुलींना घेणारी चांगली वैद्यकीय कॉलेजे थोडीच होती. पुढे न्यूयॉर्कला कॉर्नेल विद्यापीठाचे वैद्यकीय कॉलेज स्त्रियांना प्रवेश देऊ लागल्यावर आयडाबाई तिकडे गेल्या आणि १८९९ साली पदवीधर झाल्या. निघण्यापूर्वी वेल्लोरच्या रुग्णालयासाठी पैसे जमवायचे होते. रॉबर्ट शेल नावाच्या एका सधन गृहस्थाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ एकरकमी दहा हजार डॉलर दिले. १ जानेवारी १९०० रोजी, ॲनी हँकॉक या मैत्रिणीसह, त्या वेल्लोरास पोहोचल्या. वडिलांच्या हाताखाली हळूहळू अनुभव घ्यावा असा बेत होता, पण वडील त्याच वर्षी मे महिन्यात कर्करोगाने गेले. तिसाव्या वर्षी, कोरी पदवी हातात असलेली ही बाई एकटी उरली.

बंगल्यातल्या एका लहानशा खोलीत दवाखाना सुरू झाला. प्रारंभी लोक बिचकत. मग येऊ लागले ते असे की दोन वर्षांत सुमारे पाच हजार रुग्णांना औषधपाणी झाले. १९०२ साली शेल यांच्या देणगीतून चाळीस खाटांचे मेरी टेबर शेल रुग्णालय उभे राहिले. शस्त्रक्रिया होत होत्या, अडलेल्या बाया सुटत होत्या, बातमी चहूकडे पोहोचली होती. एखाद्याला वाटले असते, आपले काम झाले. आयडाबाईंना मात्र मोजदाद बसेना. आपण दिवसात किती बायांना पाहणार? आपण अंथरुणाला खिळलो तर? तालुक्यातल्या शेकडो खेड्यांत आज रात्री कोण अडले असेल? उत्तर एकच दिसत होते. इथल्याच मुलींना शिकविले पाहिजे. १९०९ साली त्यांनी नर्सेसची शाळा काढली. तेव्हा बऱ्या घरातले लोक मुलीला या कामाला पाठवायला धजत नसत. परक्याचे मलमूत्र काढणे हे हलक्यांचे काम, अशी समजूत होती, आणि आपल्या ख्रिस्ती घरांतूनही ती नव्हती असे म्हणवत नाही.

मग डॉक्टरांची शाळा. मुलींसाठी अशी शाळा ही काही पहिलीच नव्हे. लुधियानात एडिथ ब्राउनबाईंनी १८९४ पासून ती चालविली होती. पण दक्षिणेत हे नवे होते. सरकारी वैद्यकीय खात्यातले वरिष्ठ अधिकारी म्हणाले, सहा मुली मिळाल्या तर सुरू करा. त्यांना तेवढ्याही मिळतील असे वाटत नसावे. अर्ज इतके आले की बहुतेकींना परत पाठवावे लागले. १२ ऑगस्ट १९१८ रोजी मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या हस्ते शाळा उघडली. शिक्षक मोजके, साधने तुटपुंजी. पहिल्या वर्षाच्या परीक्षेपूर्वी अधिकाऱ्यांनी आधीच धीर देऊन ठेवला होता. मुलांच्या शाळांतून पाचांत एखादाच पास होतो, तेव्हा तुमच्या सगळ्या मुली नापास झाल्या तरी वाईट वाटून घेऊ नका. परीक्षेला बसलेल्या चौदाही मुली पास झाल्या. १९२२ साली त्या चौदाजणी एल.एम.पी. होऊन बाहेर पडल्या.

पण परीक्षा पास होणे ही एक गोष्ट आणि रुग्णाजवळ बसणे ही दुसरी. पाठ केलेले शरीरशास्त्र कोणाला कनवाळू करीत नाही, हे सांगायला आम्ही कशाला हवे? ज्याने सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात नंबर लावून वाट पाहिली आहे त्याला ते ठाऊक आहे. मुली आल्या होत्या निरनिराळ्या भागांतून आणि समाजांतून. त्यांतल्या पुष्कळजणींनी उघडी चिघळलेली जखम कधी जवळून पाहिली नसेल. त्यांना शिळा येऊन किळस आली तर दोष कोणाचा?

आयडाबाईंनी यावर काढलेला उपाय म्हणजे रस्ता. आठवड्यातला एक ठरावीक दिवस, बुधवार, गुडियात्तमच्या वाटेसाठी राखलेला असे. आरंभी बैलगाडी, पुढे १९०९ च्या सुमारास एक लहानशी फ्रेंच मोटार मिळाली. मोटार प्रथम दिसली तेव्हा सैतान आला म्हणून लोक रानात पळाल्याचे सांगतात. नंतर तेच लोक ठरलेल्या झाडाखाली पहाटेपासून वाट पाहत बसू लागले. डोळे आलेली मुले, वाढलेली गळवे, पायावरचे जुने व्रण, दुखरे दात, आणि जरा दूर, आपणहून वेगळे बसलेले कुष्ठरोगी. मोटारीच्या पायरीवर बाटल्या मांडल्या जात आणि काम सुरू होई. एक झाड झाले की पुढचे झाड. परत यायला रात्र होई.

शाळा सुरू झाल्यावर या फेरीत विद्यार्थिनी आळीपाळीने बरोबर जाऊ लागल्या. आमच्या मते वेल्लोरचा खरा वर्ग तो. एका खोलीत बसून मुलीने व्रणाचे प्रकार लिहून घेतले होते. इथे तोच व्रण एका शेतकरणीच्या पायावर असे, त्यावर शेण किंवा पाला बांधलेला असे, आणि मुलीची गुरू स्वतः वाकून तो पाला कोमट पाण्याने सोडवीत असे. गुरू कुष्ठरोग्याला हात लावते, त्याचे नाव विचारते, मागच्या खेपेची आठवण ठेवते, हे मुलगी पाहत असे. मग पुढच्या माणसाची पट्टी तिला सोडवावी लागे. हात एकदा गेला की भीती मोडते, आणि भीती मोडल्यावर समोरचा माणूस दिसू लागतो. शिवाय आजार कुठून येतो, तेही झाडाखालीच उमगे. रुग्णालयाच्या पांढऱ्या चादरीवर जुलाबाचे मूल नुसतेच जुलाबाचे मूल असते. खेड्यात गेले की त्या मुलाची विहीर दिसते, आणि त्या विहिरीच्या काठावर धुणी धुणाऱ्या बाया दिसतात.

आयडाबाई मुलींबरोबर टेनिस खेळत, त्यांच्या सुखदुःखात असत. साऱ्या आवारात त्यांना आंट आयडा म्हणत. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय हा त्यांच्या बायबल वर्गाचा आवडता विषय, वर्षानुवर्षे तोच. संस्थेचे बोधवाक्य त्यांनी शुभवर्तमानातल्या सेवा करून घेण्यापेक्षा सेवा करण्याविषयीच्या वचनावरून घेतले. पण बुधवारची मोटार नसती तर तो अध्याय आणि ते वचन भिंतीवरच राहिले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही उपदेश करणारे लोक आहोत, आमच्याने हे लिहिणे सोपे नाही.

याचा एक लहान दाखला आमच्या मंडळीतला. शेजारच्या घरातली एक मुलगी दूरच्या एका मिशन रुग्णालयात नर्सिंग शिकायला गेली. जाण्यापूर्वी ती चारचौघींसारखीच होती, आजोबांच्या खोलीत नाक मुरडूनच जाई. पहिल्या सुट्टीत घरी आली ती तीन गोष्टी करून गेली. पाण्याच्या माठावर झाकण आले आणि आत बुडणारे पेले जाऊन दांड्याचे ओगराळे आले. धाकट्या भावंडांची नखे कापली गेली. आणि अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या पाठीला पडलेली जखम, जिच्याकडे पाहायला घरात कोणी धजत नव्हते, तिने रोज धुतली, दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळविले, आणि आईलाही तसे करायला शिकविले. आजोबा पुढे वर्षभर जगले, पाठ कोरडी होती. हे तिला कोणी भाषणातून शिकविले नव्हते. वॉर्डमधल्या वरिष्ठ नर्सने रात्रपाळीला तिच्याकडून ते करून घेतले होते.

वेल्लोरच्या हकिगतीकडे परत येऊ. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ख्रिस्ती स्त्रियांनी पैसे उभे केले. त्यात श्रीमती लूसी पीबडी पुढे होत्या. मोठे रुग्णालय झाले, मग गावाबाहेर बागायम येथे कॉलेजचे आवार. सारे सुरळीत चालले असता १९३८ च्या सुमारास मद्रास सरकारने ठरविले की एल.एम.पी.चा अभ्यासक्रम बंद करून यापुढे विद्यापीठाची एम.बी.बी.एस. पदवीच ठेवावी. सरकारचे म्हणणे चुकीचे नव्हते. खेड्यातल्या माणसाला कमी शिकलेला डॉक्टर का? पण वेल्लोरला तेवढे प्राध्यापक, प्रयोगशाळा, खाटा कुठून आणायच्या? आयडाबाई तेव्हा सत्तरीकडे झुकल्या होत्या. १९४१ मध्ये, महायुद्ध पेटलेले असताना, त्या पुन्हा अमेरिकेत पैसे मागत गावोगाव फिरू लागल्या.

पैसा मिळण्याचा एक मार्ग होता तो कडू होता. अनेक मिशनांनी मिळून एकच मोठे कॉलेज करावे, आणि त्यात मुलांनाही घ्यावे. संस्था तर स्त्रियांनी स्त्रियांसाठी उभारलेली. श्रीमती पीबडींना हा विश्वासघात वाटला. मुले आली की मुली मागे पडतील, स्त्रियांनी दिलेला पैसा स्त्रियांच्या हातून जाईल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि अनुभव पाहता ते अगदीच निराधार नव्हते. इतक्या वर्षांची मैत्रीण दुरावली. आयडाबाई पुष्कळ काळ दोलायमान राहिल्या आणि शेवटी एकत्र कॉलेजाच्या बाजूने झाल्या. १९४२ मध्ये एम.बी.बी.एस.चा वर्ग सुरू झाला, १९४७ मध्ये पहिले मुलगे दाखल झाले, १९५० मध्ये विद्यापीठाची कायम मान्यता मिळाली. १९४६ साली तिथे नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रमही सुरू झाला, तो भारतातल्या अगदी पहिल्यांपैकी. ज्या कामाला बऱ्या घरातल्या मुली येत नव्हत्या त्याला सदतीस वर्षांनी विद्यापीठाची पदवी लागली.

त्याच साली आयडाबाई निवृत्त झाल्या. थोड्याच काळात संस्थेची धुरा डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय स्त्रीकडे आली. तरुण शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांची आखडलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करू लागले. म्हाताऱ्या आयडाबाई कोडाईकनालच्या टेकडीवर राहत, ऐंशी उलटल्यावरही टेनिस खेळत, आणि पत्त्यावर नुसते नाव आणि हिंदुस्थान एवढेच लिहिलेले पत्र त्यांना पोहोचल्याचे सांगतात. मे १९६० मध्ये वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर त्या गेल्या. दफन वेल्लोरला झाले.

आज त्या कॉलेजात प्रवेश मिळणे किती कठीण आहे ते मुले असलेल्या आईबापांस सांगायला नको. प्रवेश मिळालेल्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी काही दिवस खेड्यात मुक्कामाला नेतात. अजून त्यांना औषध लिहून देता येत नाही, नाडी नीट पाहता येत नाही. ती घरोघर जातात, ओट्यावर बसतात आणि विचारतात, पाणी कुठून आणता, शेवटचे बाळंतपण कुठे झाले, कोण होते जवळ.